डोंगरातल्या कच्च्या वाटेवर गाडी नेताना जीपीएस आणि समोच्च नकाशा कसा वापरावा

‘जीपीएस आहे ना, मग कशाला काळजी?’ घाटमाथ्यावर गाडी घेऊन निघालेल्याला हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो धोक्याचा आहे. आपण कुठे आहोत, एवढंच जीपीएस सांगतो. पुढची वाट गाडीची आहे की पायांची, हे समोच्च रेषांवरून, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांवरून, आपल्यालाच ओळखावं लागतं.

नकाशा घरीच उपकरणात उतरवून घ्या, दरीत रेंज नसते. मार्ग आपोआप बदलण्याची सोय बंद करा.

उपकरणात डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, ‘डब्ल्यूजीएस ८४’ ठेवा; जीपीएस त्यावरच चालतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारे छापील नकाशे) ‘एव्हरेस्ट’ नावाच्या वेगळ्या डेटमवर आहेत. त्यावरून घेतलेला बिंदू सह्याद्रीत शंभर मीटरहून जास्त सरकतो, आणि कड्याजवळ एवढं अंतर फार असतं. २००५ च्या नकाशा धोरणानंतरचे ‘ओपन सिरीज’ नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, तेच वापरा. कुणी स्थान पाठवलं तर ते कोणत्या पद्धतीत लिहिलंय ते विचारा: १९.३० अंश आणि १९ अंश ३० मिनिटे यांत तब्बल २२ किलोमीटरचा फरक पडतो.

आता खरं अवघड काम, चढ वाचण्याचं. मलाही हे बरंच उशिरा उमगलं, कारण सगळे ‘रेषा जवळ म्हणजे चढ तीव्र’ एवढंच सांगून थांबतात. गाडी चालवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, त्याला आकडा हवा. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि दोन रेषांमध्ये २० मीटर उंची. आपल्या वाटेवर एक सेंटिमीटर मोजा आणि तेवढ्यात वाट किती रेषा ओलांडते ते पाहा. तीन ओलांडल्या तर चढ १२ टक्के, पाच ओलांडल्या तर २०. कोरड्या मुरुमावर लो गिअरमध्ये २० टक्के चढता येतो. ओल्या लाल मातीवर मी तिथे गाडी घालत नाही, तुम्हीही घालू नका. मोजायचं ते वाटेवरून, वळणं धरून. डोंगराच्या उतारावर सरळ पट्टी ठेवून नव्हे.

वाट रेषा ओलांडत नसेल, त्यांना समांतर जात असेल, तर लोक निर्धास्त होतात. तिथेच जास्त सावध राहा. वाटेच्या दोन्ही अंगांना रेषा दाट असतील तर सहसा एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असते. अशा आडव्या वाटेवर दरड आलेली असली तर गाडी वळवायला जागा नसते, सगळं अंतर रिव्हर्समध्ये यावं लागतं. म्हणून निघण्यापूर्वीच रेषा विरळ झालेल्या जागा, म्हणजे सडा (डोंगरावरचं खडकाळ पठार), खिंड, सोंडेचा माथा, गाडी वळवण्यासाठी खुणा करून ठेवा.

उपकरणातल्या फुकट नकाशांच्या रेषांवर आंधळा विश्वास नको. त्यातल्या बऱ्याचशा रेषा २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीत दोन बिंदूंमधलं अंतर सुमारे ३० मीटर असतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला. एवढ्या अंतरात उभा कडा सपाटून साधा उतार दिसतो. रेषा दहा-दहा मीटरवर काढल्या म्हणून नकाशा अचूक होत नाही. सर्वेक्षण विभागाच्या नकाशातही २० मीटरपेक्षा कमी उंचीची पायरी दोन रेषांच्या मध्ये लपू शकते. शंका आली की उतरा आणि पुढचा पल्ला पायी पाहून या.

वाटेचा प्रकारही तपासा. नाणेघाट नकाशावर रेघेने जोडलेला दिसतो, पण जुन्नरच्या बाजूने गाडी माथ्यापर्यंतच जाते. खाली वैशाखऱ्याकडे उतरते ती दगडी पायऱ्यांची पायवाट. गाडीने कोकणात उतरायचं तर माळशेज घाट. आणि सड्यावर, नकाशात मोकळं दिसतं म्हणून, चाक वाटेबाहेर घालूच नका. कासच्या पठारासारख्या जागी पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती त्या पातळ मातीतच जगतात. अभयारण्याची हद्द नकाशावर लावून घ्या आणि वनखात्याची परवानगी आधी काढा.

चालवताना पडदा शेजारच्याने पाहावा. निघाल्यापासून ट्रॅक, म्हणजे गाडी आलेल्या वाटेची रेघ, उपकरणात नोंदवणं चालू ठेवा. धुकं आलं की परत येण्याची रेघ तीच. मागच्या वर्षीचा ट्रॅक मात्र पहिल्या पावसानंतर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका, ओढे आपली वाट बदलतात.