बफर गार होता, म्हणून प्रॅक्टिकल फसत होतं

बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षी एन्झाइम कायनेटिक्सचं (एन्झाइमचा वेग मोजण्याचं) प्रॅक्टिकल पूर्ण केल्याशिवाय पुढचा विषय घेता येत नव्हता, आणि माझं ते तीनदा फसलं. प्रयोग अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचा. सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, तुटला की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं आणि द्रावण पिवळं होतं. ४०५ नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचं. सोबतच्यांच्या नळ्या हळदीसारख्या पिवळ्या, माझ्या जेमतेम फिकट. एन्झाइम खराब असेल म्हणून नवं घेतलं. तरी तेच!

शेवटी वहीतली प्रत्येक पायरी तापमानासकट पुन्हा लिहून काढली, तेव्हा चूक सापडली. ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मी फ्रिजमधून काढून लगेच पीएच ९ वर आणत होतो आणि प्रयोग ३७ अंशांवर करत होतो. ट्रिसचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचवर त्याची आम्ल आणि आम्लारी रूपं निम्मी-निम्मी असतात तो आकडा, तापमान एका अंशाने वाढलं की साधारण ०.०२८ ने उतरतो, आणि त्याबरोबर बफरचा पीएचही. ४ अंशांवरचा पीएच ९ म्हणजे ३७ वर जेमतेम ८.१, आणि तिथे हे एन्झाइम मंद चालतं. मीटरची तापमानदुरुस्ती इलेक्ट्रोडपुरती असते, बफरचा बदल ती भरून काढत नाही.

मग बफर वॉटर बाथमध्ये ३७ अंशांवर आणूनच पीएच लावला. नळ्या पिवळ्याधमक झाल्या, केएम (निम्म्या वेगाला लागणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण) आणि व्हीमॅक्सचा (कमाल वेगाचा) आलेखही नीट आला.

बफरचा पीएच पीकेएवरून काढायचं हेंडरसन-हॅसलबाल्च समीकरण मला पाठ होतं, पण त्यातला पीकेए तापमानावर हलतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या वर्षाची भौतिक रसायनशास्त्राची अट मला निव्वळ औपचारिकता वाटायची. त्या सुट्टीत आम्ल-आम्लारीचं प्रकरण पुन्हा काढून सगळी गणितं हाताने सोडवली.