घरचा माणूस गेल्यावर वावर, घर अन बँकेतला पैसा वारसांच्या नावावर कसा करायचा

तेरवी होते, पाहुणे आपापल्या गावी जातात, अन मग घरातलं कोणीतरी म्हणते की कागदाचं पाहू सोयाबीन निघाल्यावर, एवढी काय घाई. घाई आहे. आमच्या भागात भावाभावात जेवढ्या केसेस चालू आहेत त्यातल्या बऱ्याच अशाच सुरू झाल्या, बाप गेला तेव्हा कोणी नोंद केली नाही, मग मोठा भाऊ गेला, त्याची पोरं मोठी झाली, अन सातबारावर अजून आजोबाच बसून आहेत. तेव्हा जे करायचं ते पहिल्या तीन महिन्यात करा, कायद्यातही वारसानं हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यात द्यावी असंच आहे. उशीर झाला तरी अर्ज घेतात, पण तोवर साक्षीदारही म्हातारे होतात अन नातीही बिघडतात.

पहिले एक गैरसमज. मुंबईकडचे नातेवाईक फोनवर सांगतात की मृत्युपत्र आहे तर कोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, काढाच. प्रोबेट बंधनकारक असायचं ते मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांपुरतं, आपल्या विदर्भातल्या वावरासाठी ते कधी सक्तीचं नव्हतं. मृत्युपत्र साध्या कागदावरचं असलं तरी चालते, स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्री सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेच. ते असंल तर वारस अर्जासोबत जोडा. कोणी त्याला खोटं म्हटलं तर मात्र गोष्ट दिवाणी कोर्टात जाते, तो निकाल पटवारी देऊ शकत नाही.

आता मृत्यूचा दाखला. 21 दिवसांच्या आत नोंद करा. माणूस जिथं वारला तिथंच नोंद होते हे लक्षात ठेवा, म्हणजे पेशंट नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात वारला असंल तर दाखला नागपूर महानगरपालिकेचा, तुमच्या ग्रामसेवकाकडं तो भेटणार नाही. एक वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागते अन मग चांगलीच धावपळ होते. दाखल्यावरचं नाव तिथंच उभं राहून वाचा. सातबारावर नामदेव, आधारवर नामदेवराव अन दाखल्यावर नामू, असं झालं की प्रत्येक टेबलावर तुम्हाला शपथपत्र मागतात की हे तिघं एकच माणूस आहे. कॉपी भरपूर काढून ठेवा.

मग पटवारी. आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालं पण आपल्याकडं पटवारीच म्हणतात. अर्ज हातानं द्या नाहीतर ई-हक्क प्रणालीवर टाका, सेतूवाला टाकून देते. सोबत दाखला, सातबारा अन आठ-अ, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते, मोबाईल नंबर, आधार, रेशन कार्ड, अन वारसांबद्दलचं शपथपत्र. पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला जोडला तर चौकशी लवकर होते. हातानं अर्ज दिला असंल तर पोच घेतल्याशिवाय निघू नका. पटवारी गाव नमुना 6 क मध्ये वारसांची नोंद घेते, आरआय म्हणजे मंडळ अधिकारी चौकशी करून वारस ठरवते, मग फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद पडते, नोटीस निघते अन 15 दिवस हरकतीसाठी असतात. ही नोटीस आपली चावडी या सरकारी साइटवर पण दिसते, गाव निवडून पाहून घेत जा, कारण तुमच्याच वावरावर दुसऱ्या कोणी अर्ज टाकला असंल तर तिथंच कळते. हरकत नाही आली तर आरआय फेरफार प्रमाणित करते अन सातबारावर नावं चढतात. हरकत आली तर सुनावणी होते, निकाल पटला नाही तर 60 दिवसांच्या आत एसडीओ म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील.

2025 मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली होती, सुरुवात आपल्या बुलडाणा जिल्ह्यातूनच झाली अन मग ती राज्यभर नेली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. तेव्हा ज्यांचं राहून गेलं त्यांचा अर्ज आजही चालते, मोहिमेची वाट पाहत बसू नका.

आता बहिणीचं बोलू, सगळा घोळ इथंच होते. हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा बायको अन माणसाची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा हक्क बरोबरीचा. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत पण मुलीला जन्मापासूनच हक्क दिला, अन बाप 2005 च्या आधी वारला असला तरी मुलीचा हा हक्क राहते असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी वारसांच्या यादीतून बहिणीचं नाव गाळतात, तिला लग्नात दिलं ना म्हणून. असं करू नका भाऊ. एक तर शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे, अन दुसरं म्हणजे ती फेरफार दहा वर्षांनी पण उघडी पडते, तेव्हा तुम्ही त्या वावरावर विहीर खोदलेली असते, कर्ज उचललेलं असते अन सगळंच लटकते. जुन्या सातबाऱ्यांवर अजून एक प्रकार सापडते, भावांची नावं कब्जेदार सदरी म्हणजे मालकाच्या रकान्यात अन बहिणींची नावं बाजूला इतर हक्कात. तुमच्या घरच्या उताऱ्यावर असं दिसलं तर ती नावं कब्जेदार सदरी घेण्यासाठी अर्ज द्या. तसंच थोरल्या काकाच्या नावापुढं एकुमॅ लिहिलेलं दिसलं तर समजा की ते वावर एकट्या काकाचं नाही, तो फक्त एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, बाकीच्या वारसांची नावं लावून घ्या.

बहिणीला खरंच हिस्सा नको असंल तर तिला तिच्या मनानं हक्कसोड पत्र करू द्या, अन ते दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर झालेलंच पाहिजे. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणलेलं हक्कसोड चालत नाही. राखीच्या दिवशी सही मागू नका, तिला आधी कागद वाचून दाखवा.

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे पण पक्कं डोक्यात घ्या. नोंद झाली की सगळ्यांची नावं सामाईक येतात, धुरा म्हणजे बांध कुठं पडणार ते त्यातून ठरत नाही. वाटणी वेगळी, सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडं महसूल संहितेच्या कलम 85 खाली होते, राजी नसतील तर कोर्ट. आधी नावं चढवा, हिस्स्याचं मग बोला.

बँकेत गेलेल्या माणसाचं एटीएम वापरून पैसे काढू नका, नंतर दुसरा वारस तेच धरून बसतो. नॉमिनी असंल तर दाखला अन ओळखपत्रावर पैसे भेटतात, पण नॉमिनी हा पैसे घेणारा आहे, मालक वारसच. नॉमिनी नसंल तर रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2025 मध्ये नियम काढले अन 31 मार्च 2026 पर्यंत बँकांना ते लागू करायला सांगितले, व्यापारी बँकेत 15 लाखापर्यंत अन सहकारी बँकेत 5 लाखापर्यंत कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागायचं नाही, क्लेम फॉर्म, हमीपत्र अन बाकी वारसांची ना हरकत यावर काम करायचं, तेही सगळे कागद दिल्यापासून 15 दिवसांत. काउंटरवर कोर्टातून आणा म्हणाले तर ते लेखी मागा. रक्कम याच्यावर असंल किंवा वारसात वाद असंल तरच दिवाणी कोर्टात वारस प्रमाणपत्रासाठी वकील लावा.

पासबुक नीट चाळा. 436 रुपये कटलेले दिसले तर जीवन ज्योती विमा, 20 रुपये कटले असतील तर सुरक्षा विमा, दोन्हीत 2 लाख, दुसरा फक्त अपघाताचा. आमच्या शेजारच्या काकूनं ते 20 रुपये बँकेचा चार्ज समजून सोडून दिले होते. वावरात साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून गेलेल्या कास्तकाराच्या घरच्यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख भेटतात, पण अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं जायला पाहिजे, म्हणून पोलीस पंचनामा अन पोस्टमॉर्टेम टाळू नका, दुःखात कितीही नको वाटलं तरी. पीएम किसानचा हप्ता गेलेल्या माणसाच्या नावानं येत असंल तर कळवा, नाहीतर वसुली लागते, वारसाला नाव चढल्यावर नव्यानं नोंदणी करता येते.

गावातल्या घराचं सातबाऱ्यावर काहीच होत नाही, त्यासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला वेगळा अर्ज. मेळघाट, गडचिरोलीकडं वनहक्काचा पट्टा असंल तर तो वारसांकडं जाते पण विकता येत नाही. आदिवासी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा थेट लागत नाही अन मुस्लिम घरात त्यांचा कायदा चालते, तेव्हा वर सांगितलेले हिस्से तिथं जसेच्या तसे धरू नका.

शेवटी फेरफार प्रमाणित झाला की 15 रुपये भरून डिजिटल सही असलेला सातबारा काढा अन प्रत्येक नाव, गट नंबर अन क्षेत्र जुन्या उताऱ्याशी जुळवा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा इतर हक्कात तसाच दिसंल, ते बरोबर आहे. टायपिंगची चूक सापडली तर लगेच कलम 155 खाली तहसीलदाराकडं दुरुस्तीचा अर्ज द्या, जुना उतारा अन फेरफाराची नक्कल जोडून.