प्रोपेनवरचा फ्रिज गार होईना तेव्हा

अमेरिकेतील युटा राज्यात, मोआबजवळ विजेची जोडणी नसलेल्या मोकळ्या जागेवर आम्ही ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) उभा केला आणि दुसऱ्याच दिवशी फ्रिजमधले दूध नासले. प्रोपेन वायूच्या ज्योतीवर चालणाऱ्या या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूप होऊन नळ्यांतून फिरतो, त्यामुळे ट्रेलर कलता असला की द्रव मध्येच अडून राहतो. म्हणून मी आधी चाकाखाली फळी सरकवून ट्रेलर समतल केला, पण फरक पडला नाही. शेगडी मात्र नीट पेटत होती, तेव्हा सिलिंडरवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. गॅस बंद करून बाहेरचे जाळीदार झाकण काढले, तर बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे आणि धुराड्यातून पडलेला गंज! बर्नर ब्रशने साफ केला. जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र अतिशय सूक्ष्म असल्याने त्यात तार न घालता (हा मोह आवरावाच लागतो) तो अल्कोहोलमध्ये भिजवून पूर्ण वाळवला. परत जोडल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती तपासली. आधी पिवळी फडफडणारी ज्योत आता निळी आणि स्थिर होती. सायंकाळी पेटवलेला फ्रिज सकाळी गार झाला. आमच्या फ्रिजच्या नियंत्रणाच्या सर्किटसाठी 12 व्होल्टची बॅटरी मात्र प्रोपेनवरही लागतेच.