राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि धर्म शिकताना: या चुका टाळा

सोलापुरात हे विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही. शहरात सिद्धेश्वर, जिल्ह्यात पंढरपूर. पण गोची तिथेच होते. विषय घरचा वाटतो, म्हणून पेन अभ्यास सोडून सरळ मत लिहायला लागतं.

तीन प्रश्नांची खिचडी

"विठ्ठलाची पूजा कोणी करावी, हे कोण ठरवणार?" असा प्रश्न असाइनमेंटला आला की श्रद्धा, समता आणि राज्यघटना एकाच परिच्छेदात येऊन पडतात. निम्मे गुण तिथेच जातात. लिहायला बसण्याआधी प्रश्न फोडा.

पहिला भाग धर्माच्या अभ्यासाचा: पूजेचे हक्क कोणाकडे होते, बडवे-उत्पात (विठ्ठल मंदिरातली वंशपरंपरागत पुजारी घराणी) आणि वारकरी आपापली बाजू कशी मांडतात? इथे निकाल द्यायचा नाही. ज्याची बाजू लिहिताय त्यालाही ती आपलीच वाटली पाहिजे. दुसरा तत्त्वज्ञानाचा: जन्माने मिळालेला हक्क न्याय्य ठरू शकतो का? "पूर्वापार चालत आलंय" हे कारण इथे चालत नाही, कारण ते काय होतं ते सांगतं, का असावं ते सांगत नाही. तिसरा राज्यशास्त्राचा: अधिकार शासनाचा की संप्रदायाचा?

या तिसऱ्या भागात "कलम 25 धर्मस्वातंत्र्य देतं" एवढं लिहून थांबू नका. 25(2)(ख) नुसार सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करणारा कायदा शासनाला करता येतो. उलट 26(ख) संप्रदायाला धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहू देतं. दोन्ही समोरासमोर आल्यावर काय करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 च्या वेंकटरमण देवरू खटल्यात सांगितलं: प्रवेश सर्वांना, पण संप्रदायाचे काही खास विधी राखून ठेवता येतील. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, ही चर्चा त्याआधी 1954 च्या शिरूर मठ खटल्यातली. हे दोन निकाल न वाचता कलमं पाठ करणं फुकट आहे.

तारखाही जागेवर हव्यात. साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण 1947 चं, म्हणजे राज्यघटनेआधीचं. त्याला अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम 17 चा आधार जोडला की उत्तर चुकलं. शिवाय तो मंदिरप्रवेशाचा लढा होता. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा 1973 चा, आणि तो प्रश्न वेगळा.

अवतरण कुठलं, ते न तपासणं

मोबाईलवर फिरणारं वचन बसवण्णांच्या नावाने आलं म्हणून ते त्यांचं होत नाही. आधी मुद्रा बघा, म्हणजे वचनात रचनाकार वापरतो ती ओळखीची खूण. बसवण्णांची "कूडलसंगमदेव", अल्लमप्रभूंची "गुहेश्वर", सिद्धरामेश्वरांची "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन". वचनं मूळ कन्नडमध्ये आहेत, आणि सोलापुरात कन्नड वाचणारा वर्गमित्र सहज मिळतो. मराठी अनुवादावर मोठा युक्तिवाद उभारण्याआधी त्याला मूळ ओळ वाचायला लावा. मुद्रा जुळली तरी काम संपत नाही. "नामा म्हणे" असं लिहिणारे नामदेवांनंतरही झाले, म्हणून चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून केलेली, गाठावीच लागते.

तुकोबांच्या अभंगाचा नुसता क्रमांक देऊन भागत नाही. गाथेच्या आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात, आवृत्तीचं नाव लिहा. प्लेटोचं उलट आहे. प्रत्येक अनुवादाची पानं वेगळी, पण समासातले 1578 च्या आवृत्तीचे आकडे सगळीकडे तेच. 'रिपब्लिक'मधला गुहेचा दृष्टान्त 514 पासून सुरू होतो, मग पुस्तक कुठलंही असो. गीतेला अध्याय-श्लोक, कुराणाला सूरा-आयत. पृष्ठक्रमांक तिथे कामाचा नाही.

गाइडमधलं तयार कारण

"लॉकने 1688 च्या क्रांतीचं समर्थन करण्यासाठी ग्रंथ लिहिला" हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक आणि त्याच्या 'टू ट्रीटिजेस ऑफ गव्हर्नमेंट'बद्दलचं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या झेरॉक्स होत आलंय. पुस्तक बाहेर पडलं 1689 मध्ये, पण बराचसा मजकूर त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा आहे, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पाठराखण झालेल्या क्रांतीची नव्हे, होऊ घातलेल्या बंडाची होती, आणि मग संमतीबद्दलचा त्याचा युक्तिवाद जास्त धारदार वाटतो.

स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचा त्रास वेगळा. त्या चार विचारवंतांचे चार-चार मुद्दे देतात, पण मुद्द्यांमधला "म्हणून" गाळतात. उपाय साधा आहे: मूळ ग्रंथाची आठ-दहा पानं घ्या. पहिल्या वाचनात फक्त निष्कर्ष शोधा. दुसऱ्यात त्यामागची कारणं समासात 1, 2, 3 करून मांडा. तिसऱ्यात यातलं कुठलं कारण काढलं तर निष्कर्ष कोसळतो, ते बघा. टीका त्याच कारणावर करायची. बाकीच्यांवर केलेली टीका परीक्षक वाचतो आणि पुढे जातो.