पिन लायकेन सापडत नाहीत? या चुका टाळा

लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. कॅलिसियम हे त्यातलं टाचणीसारखं देठ-डोकं असलेलं पिन लायकेन. स्वीडन-फिनलंडच्या जंगलात दिवसभर हिंडूनही ते दिसलं नाही, अशी नवख्यांची तक्रार नेहमीची. बहुतेकांचं चुकतं ते जागेत. लायकेन म्हटलं की आपण खोडाची ओली, शेवाळलेली बाजू गाठतो. कॅलिसियमला हवेतला दमटपणा हवा, पण अंगावर पाऊस नको. त्यामुळे कललेल्या खोडाची खालची बाजू, म्हाताऱ्या ओकच्या सालीतल्या खोल भेगा, साल गळून करडं पडलेलं उभं वाळकं पाइन, या जागा आधी बघा. एकाच वयाच्या झाडांच्या लागवडीत तर वेळ घालवूच नका. जंगल किती काळ अखंड टिकलंय हे ताडायला अमेरिकेतल्या मेन राज्यात लायकेन-अभ्यासक स्टीव्हन सेल्व्हा यांनी हीच पिन लायकेन वापरली, ती उगाच नाही.

दुसरी चूक समोरून बघण्याची. यांची उंची जेमतेम एक-दोन मिलिमीटर. समोरून नुसते काळे ठिपके दिसतात. गाल खोडाला टेकेल इतकं जवळ जा, दहापट भिंग डोळ्याला लावा आणि टॉर्च बाजूने मारा. मग काळे देठ आणि त्यांवरची डोकी सुटी दिसू लागतात. कॅलिसियम विरिडी असेल तर देठांखाली लायकेनच्या अंगाचा हिरवट-पिवळा दाणेदार थर आणि डोक्याची खालची बाजू तपकिरी. कॅलिसियम ग्लॉसेलमच्या डोक्याच्या कडेला पांढरी भुकटी असते, पण थर लाकडातच मुरलेला. थर दिसत नाही म्हणून ‘हे लायकेन नव्हे’ असं ठरवून पुढे जाऊ नका.

देठ दिसला की कॅलिसियम, हेही खरं नाही. एखाद्या डोक्यावर हलकेच बोट फिरवा. काजळीसारखे बीजाणू लागले तर कॅलिसियम किंवा त्याचं भावंड शोभणारं कीनोथेका. काहीच लागलं नाही तर मायकोकॅलिसियमचा संशय घ्या. ती साधी बुरशी आहे, तिच्यात शैवाल नसतं. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली पिवळट-हिरवी पूड माखलेले देठ दिसले, तर ते बहुधा कीनोथेका फरफ्युरेसिया. पक्का निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली: कॅलिसियमचे बीजाणू तपकिरी आणि दोन पेशींचे, कीनोथेकाचे बहुतेक गोल आणि एकपेशी. मोबाइलच्या फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

नमुना हवाच असेल तर जिवंत झाडाची साल ओरबाडू नका. संरक्षित जंगलात परवानगीशिवाय हातच लावू नका. वाळक्या लाकडाची नखाएवढी ढलपी पुरते. ती कागदी पाकिटात कोंबली तर डोकी चिरडतात. छोट्या डबीच्या तळाला डिंकाने चिकटवा, आणि झाड कोणतं, खोडाची बाजू कोणती, हे तिथल्या तिथे डबीवर लिहा.