जुन्या ऑटोमॅटिकचं गिअर ऑईल: काढलंत तेवढंच भरा

जुन्या होंडा सिविक ऑटोमॅटिकचं (२००६ नंतरची, ५ स्पीडवाली) एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल, बदलताना सगळा घोळ होतो तो किती भरायचं यात, कारण ड्रेन प्लग उघडला तरी टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा भाग) ऑईल आतच राहतं, येतं जेमतेम अडीच लिटर.

१. गाडी थोडी फिरवून आणा, सपाट जागी लावा, प्लग खोला. पाना लागत नाही, ३/८ इंची रॅचेटचं चौकोनी टोक थेट बसतं.
२. ट्रेमधलं ऑईल थंड झालं की लिटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांत ओता, पातळीवर मार्करने रेघ मारा, आणि प्लग परत बसवल्यावर (पायरी ३) नवीन डीडब्ल्यू-१ (होंडाचं एटीएफ) तेवढंच मोजून डिपस्टिकच्या भोकातून बारीक नरसाळ्याने सोडा.
३. प्लग परत बसवताना नवीन वॉशर. प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल असतोच, पुसून टाका, पण धातूचे तुकडे दिसले तर आधी मेकॅनिकला दाखवा.
४. इंजिन गरम करून बंद करा आणि मिनिट-दीड मिनिटात डिपस्टिक बघा.

काही दिवस चालवून हेच अजून दोनदा करायचं, मशीनने फ्लश वगैरेचा खर्च नको.

फक्त सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, बेल्टवाली ऑटोमॅटिक) गाडीत हे ऑईल चुकूनही घालू नका, तिचं वेगळं येतं.