दिवाळीच्या पणत्यांवर अ‍ॅडव्हेंटची रीथ

दिवाळी झाली की मोठ्या पणत्या टाकून देऊ नका. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाच्या, रीथला त्या लागतात. रीथ म्हणजे हिरव्या फांद्यांचं गोल कडं; त्यावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. चार सारख्या आणि एक जरा खोल, अशा पाच बाजूला ठेवा. आमच्या बेळगावकडच्या खानापूरच्या मातीची पणती असेल तर उत्तमच. जाड काचेचे स्टँड आणून पैसे घालवण्यात काही अर्थ नाही.

आधी तारीख बघा. 30 नोव्हेंबरला संत अंद्रेयाचा सण असतो. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला येतोय. रीथ शनिवारी संध्याकाळपर्यंत तयार हवी.

भाताचं पिंजर घ्या. आमच्या भागात सुगीच्या दिवसांत त्याची काय कमी? थोडं पाणी मारून मऊ करा आणि पिळून त्याची मोठी चुंबळ वळा, परातीत बसेल एवढी. सुतळीने घट्ट आवळा. परातीतच ठेवायची, कारण मेण सांडणारच. दाराला टांगायची रीथ वेगळी. ही आडवी ठेवायची. वरून सुरूच्या फांद्या खोचा. आंब्याची पानं दोन दिवसांत मुरडतात, मला ती आवडत नाहीत. मोरपंखी चालेल. हिरवं वाळलं की लगेच बदला, वाळकी सुरू भुर्रकन पेटते.

पणत्यांत ओली वाळू दाबून मेणबत्त्या उभ्या करा: तीन जांभळ्या, एक गुलाबी, मधे पांढरी. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर सगळ्या पांढऱ्या घ्या आणि रंगीत रिबन पणतीला गुंडाळा, मेणबत्तीला नको. जाडी मात्र अंगठ्याएवढी हवी. पहिली मेणबत्ती नाताळापर्यंत रोज लागते; दिवसाला दहा मिनिटं धरली तरी तिला चार-साडेचार तास पुरायचंय. बारीक मेणबत्ती मधेच दगा देते.

पहिल्या रविवारी एक जांभळी, दुसऱ्या रविवारी ती आणि आणखी एक. तिसऱ्या रविवारी गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. फादरांचा झगाही त्या दिवशी गुलाबी असू शकतो. चौथ्याला उरलेली जांभळी. मधल्या दिवसांत त्या आठवड्याच्या तेवढ्याच लावायच्या. नातू दरवर्षी म्हणतो, "आजी, सगळ्या एकदम लाव की!" नाही लावत. 1839 साली हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या ल्युथरन पाद्रींनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्या नाताळ कधी येणार म्हणून घाईला आलेल्या पोरांसाठीच. रोज एक लहान तांबडी, रविवारी एक मोठी पांढरी. कॅथलिक घरांत ही पद्धत नंतर, विसाव्या शतकात आली.

जेवणाआधी लावा, पंखा बंद करून. आमच्याकडे सगळ्यात लहान पोर काडी ओढतं, मोठा माणूस हात धरतो. मग छोटं वाचन: पहिल्या आठवड्यात बायबलमधल्या यशयाच्या 9व्या अध्यायातला अंधारात चालणाऱ्यांना उजेड दिसतो तो भाग, चौथ्यात लूकच्या 1ल्या अध्यायातला देवदूत मरियेकडे येतो तो. मी मराठीत वाचते, नातू शाळा कन्नड म्हणून कन्नडमध्ये. 'आमच्या बापा' ही प्रार्थना सगळे मिळून म्हणतो आणि ताटं घेतो. लांबड लावू नका, पोरं दुसऱ्या दिवशी टाळाटाळ करतात.

मेणबत्त्या वरखाली झाल्या म्हणून कापून सारख्या करू नका, त्या तशाच असायला हव्यात. मधली पांढरी 24 तारखेला रात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्यावर लावायची.

नाताळ सोमवारी आला तर चौथा आठवडा एका दिवसाचाच. 2028 मध्ये तसं होणार आहे: 24 डिसेंबरलाच चौथा रविवार. सकाळी चौथी लावा, रात्री पांढरी. ती चौथी जवळजवळ नवीच राहील. कागदात गुंडाळून पुढच्या सालाला ठेवा.